नखाच्या मुळाशी

तेलाचा एकच थेंब.
डाव्या हाताची अनामिका,
जिथं कातडी संपते आणि नख सुरू होतं
त्या दोऱ्याएवढ्या जागेवर.

अक्काताई कमते, वय एकावन्न, निपाणी.
विड्या वळते, चौतीस वर्षं.
थंडीत बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, मग तांबडी,
हे तिनं सांगितलं
दुकानात साडीचे रंग सांगावेत तसं.

डॉक्टर हिरेमठ दावणगेरीकडच्या.
मराठी येतं ते बसा, उठा, जीभ दाखवा एवढं.
मधे स्टुलावर मी, खानापूरची,
दोन्ही चुलींवरचं खाऊन वाढलेली.

नोवु इदेया?
दुखतंय का, मी विचारते.
दुखत न्हाई, ठणकतंय.
ठणक्याला कानडीत काय म्हणावं ते ऐन वेळी सुचत नाही,
मी हवेत मूठ मिटते, उघडते, मिटते.
डॉक्टर मान हलवून लिहितात, इंग्रजीत.
मग ती म्हणते, मुंग्या येतात बोटांत,
आणि माझ्या तोंडून निघून जातं, इरुवे.
डॉक्टर चमकून फरशीकडं बघतात.
जोमु, जोमु, मी घाईनं सुधारते.
आम्ही दोघी हसतो. अक्काताई हसते,
कशाला ते न कळता.

मग कुणीच बोलत नाही.
भिंगावर वाफ धरू नये म्हणून
डॉक्टर श्वास आखडतात,
तिचा हात आपल्या तळहातावर तोलून धरतात.
बाहेर पोर्चात कुणीतरी नंबर पुकारतंय,
अर्धे कानडी आकडे, अर्धे मराठी.

निरोगी बोटात इथं
रक्ताच्या केसपिना दिसतात,
एकीला लागून एक खोचलेल्या.
हिच्यात काही फुगून वाकल्यात,
काही जागेवरच नाहीत,
आणि एका ठिकाणी रक्त सांडून वाळलंय
टाचणीच्या टोकाएवढं.

आठ बोटं झाली.
तिनं आपणहून अंगठा पुढं केला.
हेब्बेरळु बेड, डॉक्टर म्हणाल्या.
बेड एवढं तिला कळतं.
इथंबी नको व्हय?
रेशनच्या दुकानात तीन येळा पदराला पुसून लावला बाई,
मशीन म्हणतंय ही अक्काताई न्हवं.
रेघाच न्हाईत म्हणं माझ्या अंगठ्याला.
पानावर घासून गेल्या.

मी सांगायला तोंड उघडलं,
पण डॉक्टरांनी बाटली पुन्हा हातात घेतली होती.
अंगठ्यावर थेंब.
बाकीच्या बोटांपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं त्यांनी.
लिहिलं काही नाही.
कागदावर अंगठ्याला रकानाच नसतो.

काय हाय आत?

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला.
तिच्याच बोटाची कड, ताटाएवढी.
तिनं चष्मा कपाळावर सारला,
इतकं जवळ गेली की नाक काचेला लागलं.
सूत हाय की गं, ती म्हणाली,
बंडलाला गुंडाळतो तसलं.
हितं बरूबर बांधलंय. हितं ढिल्लं.
हितं तर बांधलंच न्हाई कुणी.

चौतीस वर्षं दर संध्याकाळी
कारखान्याच्या जाळीपलीकडचा माणूस
तिचं बंडल उजेडात धरतो, दोन बोटांनी दाबतो,
बसक्या, सैल, फुटक्या विड्या बाजूला टाकतो,
त्यांचे पैसे नाहीत.
ती जाळीला धरून उभी असते
आणि त्याच्या हाताकडं बघते.

तशीच आता ती डॉक्टरांच्या हाताकडं बघत होती.

ह्यात छाट किती?

डॉक्टर माझ्या तोंडाकडं.
अक्काताई माझ्या तोंडाकडं.
छाट.
मी कापसाचा बोळा घेतला
आणि तिच्या बोटांवरचं तेल पुसायला लागले,
अंगठ्यापासून,
सावकाश.